लाल रकान्यातले साळवेकाका

काका, तुम्ही गेल्याचं मला मेंटेनन्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. ज्या ग्रुपमधून आठ महिन्यांपूर्वी मीच तुम्हाला काढलं होतं, त्याच ग्रुपवर. कुणीतरी तुमचा फोटो टाकला, खाली जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि मधेच एकानं ‘दोन नंबरचा पंप चालू केला’ असंही टाकलं. तुम्ही असता तर आधी त्यालाच धरलं असतं, कोणता व्हॉल्व्ह उघडून चालू केला म्हणून. मी फोन पालथा ठेवला आणि कँटीनच्या मागे जाऊन रडले. धड रडताही येईना. सारखं वाटत होतं, बाई, तुला रडायचा हक्क काय?

तुम्ही आमच्या बियाण्यांच्या कंपनीचे इलेक्ट्रिशियन आणि मी तिथली ॲडमिनची बाई. पुढं माझ्या दारावरची पाटी बदलली, मी ‘फॅसिलिटी मॅनेजर’ झाले. तुम्ही पाटी वाचली, दोनदा वाचली, आणि विचारलंत, “म्हंजी आता संडास तुंबला तर कुणाला सांगायचं?” मी म्हटलं, मलाच. तुम्ही म्हणालात, “मंग बराबर हाय, काही बदललं न्हाई.” चारचौघांत तुम्ही मला अर्चना म्याडम म्हणायचे आणि कुणी नसलं की माय. तीर्थपुरीला माझे वडील मला तसंच हाक मारायचे. ते गेल्यावर त्या शब्दानं मला हाक मारणारे तुम्हीच एकटे उरला होता.

आपलं भांडण पहिल्यापासून एकाच गोष्टीवरून. मला वाटायचं इमारत माणसाच्या भरवशावर नको. तुम्ही शनिवारी गावाला, टेंभुर्णीला गेलात आणि इकडे लाइट गेली की आमची तारांबळ. कोणतं बटण कशाचं, जमिनीखालची पाइप कुठून वळते, जनरेटर कितव्या झटक्याला उचलतो, सगळं तुमच्या डोक्यात. मी म्हणायचे, काका, हे सगळं वहीत लिहून द्या. तुम्ही म्हणायचे, “देतो की. जल्दी काय हाय?” वही मीच आणून दिली होती, निळ्या पुठ्ठ्याची. वर्षभरानं पाहिली तर तुम्ही तिच्यावर पाना ठेवत होता, टेबलाला तेल लागू नये म्हणून.

मग नवीन व्यवस्था आली. आली कसली, मीच आणली. पुण्याच्या एका प्रदर्शनात पाहून आले आणि भारावून गेले होते. माणूस आत आला की दिवा लागणार, गेला की विझणार. पाण्याची टाकी स्वतः सांगणार की मी भरले. सगळी इमारत एका स्क्रीनवर, हिरव्या आणि लाल रकान्यांत. मला खरंच वाटलं होतं की आता कुणाला धावाधाव करावी लागणार नाही, तुम्हालाही नाही. माझ्या मनात तेव्हा पाप नव्हतं, हे तेवढं माझ्या बाजूनं धरा.

पहिल्याच महिन्यातली ती मीटिंग आठवते? नवे साहेब बोलत होते आणि भरल्या सभागृहात दिवे गेले. साहेब बोलायला लागले की कुणी हलत नाही, त्यामुळं यंत्राला वाटलं सगळे घरी गेले. अंधारात साहेबांचा आवाज चालूच. तुम्ही दार उघडून आत आलात आणि दोन्ही हात वर करून वाऱ्यावर हलवायला लागलात, शेतात पाखरं हाकलावीत तसे. लख्ख उजेड पडला. साहेबांनी तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पुढचं वाक्य सुरू केलं. बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणालात, “माय, तुझ्या मशीनला सांग, ऐकून घेणारा माणूस बी जिताच असतो.” मी इतकी हसले की पोटात दुखायला लागलं.

गोदामाच्या भांडणात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. थंड गोदामात पुढच्या हंगामाचं मूळ बियाणं असतं, तिथं ओल शिरली तर सगळं मुसळ केरात. तुम्ही तिथं चारही कोपऱ्यांत स्टीलच्या ताटल्यांत खडेमीठ ठेवायचे. रोज दोन बोटांनी मीठ चोळायचे. कोरडं लागलं तर पुढं, बोटाला चिकटलं तर थांबायचे. बाहेरून पाहुणे येणार म्हणून मी त्या ताटल्या उचलायला लावल्या. किती मागास दिसतं काका, म्हटलं, आता सेन्सर आहे ना. दोन दिवसांनी मला हाताला धरून गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात नेलंत. तुमच्या बनियनच्या खिशात पुडी होती, तिच्यातलं मीठ रात्रभर तिथं ठेवलं होतं म्हणे, आणि ते पाणी सुटून भिजलं होतं. स्क्रीनवर गोदाम हिरवंगार. सेन्सर बसवणाऱ्यानं तो थेट पंख्याच्या तोंडाशी बसवला होता. त्याला आयुष्यभर कोरडी हवाच लागणार.

तुम्ही तोवर कोपऱ्यातली पोती एकट्यानं ओढून मधे आणली होती. दुसऱ्या दिवशी मी सेन्सरची जागा बदलून घेतली आणि वर अहवाल पाठवला, ‘तपासणीत आढळल्यानुसार सेन्सरची जागा सुधारली.’ कुणाच्या तपासणीत, ते लिहिलं नाही. साहेबांनी मला शाबासकी दिली, ती मी घेतली. तुम्हाला जिलेबी आणून दिली, जुन्या जालन्यातली, गरम. तुम्ही खाल्ली आणि म्हणालात, “लई गोड हाय.” काय समजायचं ते समजून खाल्लीत.

त्यानंतर राउंडचं आलं. दर दोन तासांनी एकानं इमारतीत नऊ ठिकाणी जायचं, तिथं भिंतीवर चिकटवलेला चौकोनी कोड फोननं टिपायचा, की स्क्रीनवर तो रकाना हिरवा. नाही टिपला तर लाल. ॲप ज्याच्या त्याच्या फोनमध्ये. मेंटेनन्सच्या बाकी दोघांनी मुकाट टाकून घेतलं. तुम्ही फोन खिशातून काढला, माझ्यासमोर धरला आणि म्हणालात, “ह्यो पोरानं, राहुलनं घेऊन देला, नातीशी बोलायला. कंपनीचं काम हाय तर कंपनीनं फोन द्यावा. मी वापरतो की, मी कुठं न्हाई म्हणतो?” यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. मी साहेबांना विचारलं, साहेब म्हणाले एकासाठी वेगळा खर्च कशाला, सगळे वापरताहेत ना. मी तुम्हाला येऊन तेच ऐकवलं, वर म्हटलं, काका, कशाला हट्ट करता? तुम्ही म्हणालात, “राउंड तर मी घेऊन राह्यलो ना? मंग झालं.”

आणि तुम्ही घेतच होता. मी खिडकीतून पाहायचे. गच्चीच्या जिन्यावर तुमची चप्पल वाजायची. पॅनेलच्या दारावर आधी हाताची मागची बाजू टेकवायचात, मग उघडायचात. पंपापाशी मान वाकडी करून उभे राहायचात. सगळं पूर्वीसारखं. संध्याकाळी स्क्रीन उघडली की तुमच्या नावापुढं लालच लाल आणि बाकी दोघांच्या नावापुढं हिरवळ.

आता जे सांगायचं आहे ते तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, मला कधी कळलं नाही.

एका दुपारी मी नोंदी चाळत होते. त्या दोघांपैकी एकानं गच्चीवरची टाकी आणि गोदामाचा मागचा कोपरा एकाच मिनिटात टिपला होता. एका मिनिटात तिथून इथं यायला पंख पाहिजेत. मी उठून त्याला शोधत शोधत कँटीनमध्ये गेले. कपाटात साखर पाहायला म्हणून दार उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला. नऊच्या नऊ कोड, ओळीनं, सुबक छापून. दर दोन तासांनी चहाचा कप खाली ठेवायचा, कपाट उघडायचं, नऊ वेळा फोन धरायचा. झाला राउंड. खुर्चीसुद्धा ओढायला नको.

मी तो कागद फाडला नाही, काका. मी दार लावलं.

पुढच्या आठवड्यात मुख्य कार्यालयाची माणसं येणार होती, माझी व्यवस्था बघायला. बाकीच्या सगळ्या ठिकाणी तीच बसवायची असं चाललं होतं. अशा वेळी मी काय सांगणार होते? की जो माणूस खरंच फिरतो तो तुमच्या स्क्रीनवर लाल आहे, आणि जे जागचे हलत नाहीत ते हिरवे? की ही सगळी हिरवळ कँटीनच्या कपाटातली आहे? मी त्यांच्यासमोर उभी राहिले, भिंतीवर स्क्रीन दाखवली आणि धडाधड बोलले. टाळ्या झाल्या. एकानं विचारलंसुद्धा, हा एक लाल कर्मचारी कोण? मी म्हटलं, जुने आहेत, बदलाला थोडा वेळ लागतो. सगळे हसले. मीही हसले.

तुम्हाला त्या कपाटाचं माहीत असणारच. तुम्ही रोज तिथं चहा प्यायचे. पण तुमच्या तोंडून कधी चकार शब्द निघाला नाही. तुम्ही म्हणाला असता, पोटाला लागलेली माणसं हायत, जाऊ दे. माझ्याकडून मात्र तुमची अपेक्षा असावी. निदान एवढी तरी की, हिला दिसतंय.

उन्हाळ्याच्या तोंडाला सगळं मेंटेनन्स बाहेरच्या एजन्सीला दिलं. एजन्सीनं जुनी माणसं ठेवायची तयारी दाखवली, पण ॲपमधली नोंद बघून. यादी माझ्याकडं आली. तुमच्या नावापुढं लाल शाईत ‘राउंड अनुपस्थित’. वर साहेबांची सही झालेली होती, खाली माझी राहिली होती. मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती यादी पालथी घालून ठेवली. मग सही केली. पेन चालत नव्हता, दुसरा घेतला आणि केली.

तुम्ही किल्ल्या द्यायला आलात. केवढा तो जुडगा, प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाच्या वायरची गाठ. टेबलावर ठेवलात आणि उभेच राहिलात. बसा म्हटलं, बसला नाहीत. माझ्याकडे सरळ पाहून विचारलंत, “माय, तुला तरी वाटतं का, मी राउंड घेतला न्हाई?”

मी म्हटलं, “सिस्टीममध्ये तसं दिसतंय, काका.”

माझ्याच तोंडून निघालं हे. यंत्रानं काही म्हटलं नव्हतं, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही मला विचारलं होतं. तुम्ही जुडग्यातून एक किल्ली सावकाश वेगळी केलीत, मी आणखी काही बोलेन म्हणून बहुतेक. मग म्हणालात, “बरं. गोदामाच्या किल्लीला जरा वर उचलून फिरवावं लागतं, न्हाई तं अडकती.” आणि गेलात. मी बसूनच होते. निरोपाचा चहासुद्धा विचारला नाही.

आता तुमच्यावरचा राग पण सांगून टाकते, मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात तरी. ती वही तुम्ही भरली नाहीत! एका ओळीनंही नाही. तुम्ही गेल्यावर एजन्सीच्या पोरांनी पाइप शोधायला तीन ठिकाणी फरशी फोडली. शेवटी मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही पहिल्या घंटीला उचललात, “गेटापासून सात पावलं, मंग डाव्या हाताला” म्हणालात, आणि ठेवलात. कशी आहेस नाही, काही नाही. सातव्या पावलावर पाइप सापडली. मग मी आणखी चार वेळा फोन केला, दर वेळी काहीतरी अडलं म्हणून. एकदाही दुसरं काही बोलायला केला नाही. तुमचं म्हणणं चुकीचंच होतं, काका, एवढं सगळं एका माणसाच्या डोक्यात ठेवू नये. त्या भांडणात माझंच बरोबर होतं, आणि ते तुम्हाला ऐकवायची आता सोय राहिली नाही.

जलदान विधीला मी टेंभुर्णीला गेले. कंपनीतून कुणी येत नव्हतं, मी रजा टाकली आणि जाफराबादच्या बसनं गेले. तुमच्या अंगणात पांढरा मांडव होता. भंतेजींनी वंदना घेतली, मग गावातली माणसं एकेक करून आदरांजली वाहायला उभी राहिली. कुणी सांगितलं तुम्ही शाळेची लाइट फुकट जोडून दिली, कुणी विहिरीवरची मोटार. आणि मग राहुलनं माईक माझ्याकडे आणला. “कंपनीच्या मोठ्या म्याडम आल्यात, त्यांनी दोन शब्द बोलावेत.”

काका, तिथं सांगता आलं असतं. माणसं तुमचीच होती, कान देऊन बसली होती. मी माईक धरला, जय भीम म्हटलं, आणि बोलले की साळवेकाका फार प्रामाणिक होते, त्यांची उणीव भासेल, कंपनी त्यांना कधी विसरणार नाही. कुणाच्याही मांडवात कुणाबद्दलही बोलावं असं.

जेवणं झाल्यावर कमलकाकूंनी मला आत बोलावलं. पांढऱ्या लुगड्यात त्या एवढ्याशा दिसत होत्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, “म्याडम, तुम्ही लई केलं ह्यांच्यासाठी.”

मला वाटलं, ऐकण्यात काही चुकतंय.

“मला सगळं सांगितल्तं त्यांनी. म्हणले, माझी अर्चना म्याडम साहेबाच्या तोंडावर बोलली. साळव्यानं एक बी राउंड चुकवला न्हाई, मी डोळ्यानं बघितलं, आसं म्हणली. पर कंपनीचा नियम आडवा आला, तिचं तरी काय चालतंय. गावात लोक इचारायचे ना, कामून काढलं म्हणून, काय चोरीबिरी केली का. मंग तुमचं नाव सांगायचे. म्हणायचे, जा जालन्याला, इचारा म्याडमला.”

मी काय केलं असेल? मान हलवली. काकूंनी पेला पुढं केला, त्यातलं पाणी प्याले. त्या डोळे पुसत होत्या, माझ्याच उपकारानं, आणि मी तिथं बसून ते आभार घेतले.

तुम्हाला तुमच्या बाजूनं बोलणारं एक माणूस हवं होतं. मी झाले नाही, तर तुम्ही माझ्या नावाचं दुसरं एक तयार केलंत आणि आठ महिने गावाला तिची ओळख करून दिलीत. ती बाई फार चांगली आहे, काका. तिनं कपाटाचं दार लावलं नाही, यादीवर सही केली नाही. मला तुमची चीड येते, की मला वाचवायचं तुम्हाला काय पडलं होतं? आणि मग वाटतं, कदाचित मला नाहीच वाचवलं. स्वतःचं तोंड राखायला केलं असेल. तसं असेल तर फार बरं होईल, पण आता कुणाला विचारू?

परत आल्यावर पहिल्यांदा मी स्क्रीन उघडली. तुमच्या लाल नोंदी दुरुस्त करता येतात का पाहावं म्हटलं. तुमचं नाव घातलं तर ती म्हणते, असा कर्मचारी नाही. व्यवस्था बसवणाऱ्यांना फोन केला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, मॅम, गेलेल्या माणसाची नोंद बदलत नसतात.

काकूंना खरं सांगायचं आहे. पण नुसतं जाऊन सांगितलं तर त्यांच्या हातातलं तेवढंही काढून घेतल्यासारखं होईल. म्हणून आधी तुम्ही माझ्या तोंडी घातलेलं वाक्य मी माझ्या तोंडानं म्हणायचं ठरवलं. त्यानं माझी पाटी जाईल, टाळ्या वाजवणारे मला विचारतील की इतके दिवस कुठं होतीस. विचारू देत.

आज सकाळी मी कँटीनच्या कपाटातला तो कागद सोलून काढला, घडी न घालता साहेबांच्या केबिनमध्ये नेला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, “सर, साळवेंनी एकही राउंड चुकवला नाही. मी डोळ्यांनी बघितलंय.”

साहेबांनी कागद पाहिला. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“कोण साळवे?” त्यांनी विचारलं.

मी न विचारताच समोरची खुर्ची ओढली, बसले, आणि सांगायला लागले.